जायची साडी

अनुसूयाच्या कपाटाचा निकाल लावायला शनिवारी सकाळी तीन बायका बसल्या. त्यांतली एक स्वतः अनुसूया होती, पण तिला कुणी फारसं विचारत नव्हतं.

बंगळुरात सर्जापूर रोडवर, आठव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये, मुलाकडे, ती आणि तिचा नवरा जयतीर्थ राहायला येऊन दोनच आठवडे झाले होते. चामराजपेटेतलं घर चव्वेचाळीस वर्षांनी सोडलं, कारण तिथला जिना आता अनुसूयाला चढवत नव्हता. तिच्या हृदयाची एक झडप आवळत चालली होती. डॉक्टरनं आठ महिन्यांपूर्वी स्वच्छ सांगितलं होतं की छाती उघडून झडप बदलली तर पुढची पंधरा-वीस वर्षं बघायला नको, आणि नाही बदलली तर दोन वर्षांचीही हमी नाही. इतकं स्पष्ट ऐकूनही घरात निर्णय होत नव्हता. आधी नातीची परीक्षा आडवी आली, मग पितृपक्ष, मग घर बदलणं. "छाती उघडायची म्हणजे काय चेष्टा आहे?" असं जो तो म्हणायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. खुद्द अनुसूयाही त्यांतलीच. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. शंभरातले सत्त्याण्णव या ऑपरेशनातून बरे होतात हे तिला वाचता येत होतं. पण तिचं लक्ष जायचं ते उरलेल्या तिघांकडे.

मैत्रेयी, म्हणजे सून, पुण्याची. बारा वर्षांपूर्वी प्रणीतशी लग्न करून बंगळुरात आली, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला शनिवारी जसा उरक येतो तसा तिला आला होता. पलंगावर तिनं ठेवायच्या, द्यायच्या आणि टाकायच्या कपड्यांच्या जागा आखून दिल्या. "आई, सिंपल रूल आहे. वर्षभरात जे नेसला नाहीत ते गेलं. तुम्हाला दीड दाराचं कपाट आहे आणि त्यात अण्णांचे शर्टही बसवायचेत." सासऱ्यांना ती अण्णा म्हणायची.

तिसऱ्या वीणाक्का. जयतीर्थची थोरली बहीण, वय सत्त्याहत्तर, जयनगरहून खास मदतीला आलेल्या. वीणाक्कांची मदत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांनी घेतली, कॉफीचा पेला हातात धरला आणि "ती बेडा, नको ती, जुनी झाली" असा कारभार सुरू केला.

अनुसूयानं दोघींनाही चकित केलं. शाळेत नेसायच्या सुती साड्या, खडूचा हात पुसून पुसून पदर पांढुरके झालेल्या, तिनं एका दमात द्यायच्या ढिगात टाकल्या. प्रणीतच्या मुंजीची जांभळी गेली. निरोपसमारंभाला शाळेनं दिलेली गेली. मैत्रेयीचाच जीव वरखाली होऊ लागला. "आई, ही तरी ठेवा ना, ही सगळ्या फोटोंत आहे."

"फोटोत आहे ना? मग कपाटात कशाला पुन्हा?"

एका साडीपाशी मात्र ती थांबली. पहिल्या पगाराची मोरपंखी म्हैसूर सिल्क. बावीस वर्षांची ती चिकपेटेतल्या दुकानात एकटी गेली होती आणि कुणाला न विचारता रंग निवडला होता. साडी आता घडीवर चिरली होती, नेसण्यासारखी राहिली नव्हती. त्या बावीस वर्षांच्या मुलीची अनुसूयाला फार आठवण आली, आणि तिचा रागही आला, की गेली कुठं ती इतकी वर्षं. तिनं साडी एकदा गालाला लावली आणि टाकायच्या ढिगात ठेवली.

मग मैत्रेयीनं वरच्या खणातून पांढऱ्या मलमलीत बांधलेलं गाठोडं काढलं.

"ही मात्र ठेवायची," वीणाक्का सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या. "आणि वर नको, मैत्रेयी. खालच्या खणात ठेव, हाताशी. आता ऑपरेशनचं म्हणताहेत, ऐनवेळी शोधाशोध नको."

"ऐनवेळी म्हणजे?" मैत्रेयीनं विचारलं.

ती साडी कसली, हे घरातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नसे. जयतीर्थच्या राव घराण्यात सून आली की तिला लग्नाच्या साडीबरोबर आणखी एक साडी मिळायची. हिरवी, रेशमी, जरीकाठी, कोरी. ती नेसायची नाही, ठेवायची. नवरा हयात असताना बाई गेली की तिला मळवट भरून, हिरवा चुडा घालून, ही साडी नेसवून न्यायचं. घरात तिचं नावच 'जायची साडी'. दर वर्षी दसऱ्याआधी तिला गच्चीवर ऊन दाखवायचं, जुनी घडी मोडून नवी घालायची म्हणजे जर तुटत नाही, आणि कडुनिंबाची पानं बदलायची. हे सगळं अनुसूयानं चव्वेचाळीस वर्षं न चुकता केलं होतं. म्हैसूर सिल्क चिरली तरी तिला पत्ता नव्हता, पण या साडीचा एक धागा हलला नव्हता. साडी सासूनं द्यायची असते. अनुसूयाची सासू तिच्या लग्नाआधी दोन वर्षं वारली, म्हणून ती वीणाक्कांनी दिली होती.

वीणाक्कांनीच अखेर सुनेला हे सगळं समजावलं, आणि समजावताना त्यांचा ऊर भरून आला. "आमच्या घरात तीन पिढ्यांत एकही सून मागं राहिली नाही. सगळ्या सवाष्ण गेल्या. गावात लोक नाव काढायचे."

मैत्रेयीनं गाठोडं सोडलं होतं. साडी बघून तिचे डोळे विस्फारले. "एक मिनिट. अशीच माझ्याकडे होती! लग्नात तुम्हीच दिलेली, आई. सहावारी."

"हौदु, हो, सहावारीच. आताच्या मुलींना नऊवारी नेसवणार कोण, म्हणून मीच म्हटलं की सहावारी चालेल."

"ती मी ऑफिसात कन्नड राज्योत्सवाला नेसले होते," मैत्रेयी म्हणाली. "मला बेस्ट ड्रेस्डचं बक्षीस मिळालं."

वीणाक्कांनी खुर्चीचा हात धरला. "नेसलीस? आता कुठंय ती?"

"कँटीनमध्ये सांबार सांडलं, डाग गेलाच नाही. सोसायटीच्या डोनेशन ड्राइव्हमध्ये देऊन टाकली."

"अय्यो, देवा!" वीणाक्का अनुसूयाकडे वळल्या. "तुला मी सांगितलं होतं, नव्या मुलीला नीट समजावून सांग म्हणून."

"हो, सांगितलं होतंत."

"मग?"

"मी नाही सांगितलं," अनुसूया म्हणाली.

बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला आठवत होता. मेंदी न उतरलेल्या हातांनी पोरीनं साडी उलगडली होती, "किती गोड रंग आहे" म्हणाली होती, आणि अनुसूयाच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नव्हता. चोवीस वर्षांच्या मुलीला तिच्या सरणाची साडी कशी दाखवायची? तेव्हा तिला वाटलं होतं की आपण भित्र्या आहोत, घरातलं एक काम धड करता येत नाही. आज मैत्रेयी समोर उभी होती, छत्तीस वर्षांची, ठणठणीत, वर बक्षीसही मिळवून बसलेली. बारा वर्षांत आपण एवढंच एक काम धड केलं, असं अनुसूयाला पहिल्यांदा वाटलं आणि तिला हसू फुटलं. हसताना धाप लागली, ती पलंगाच्या कडेवर बसली, तरी हसू थांबेना.

"हसायला काय झालं?" वीणाक्का चिडल्या.

"अक्का, मला एक सांगा. तुमच्या पणजी गेल्या तेव्हा किती वर्षांच्या होत्या?"

"छत्तीस. का?"

"आणि आजी?"

"एक्केचाळीस. बाळंतपणात."

"आणि अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई?"

"एक्कावन्न."

"आणि यांचे नवरे?"

याचं उत्तर अनुसूयानंच दिलं, तीन पिढ्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तिनंच केला होता. "पणजोबा नव्वद. आजोबा ब्याऐंशी. मामंजी अठ्ठ्याऐंशी. अक्का, हे गणित मी पाचवीच्या पोरांना घातलं असतं तर पहिल्या बाकावरच्यानं हात वर करून विचारलं असतं, की टीचर, या घरात बायकांना झालं काय? आणि आपण त्याला भाग्य म्हणतो. मी सदुसष्टची आहे म्हणजे या घराण्याच्या हिशेबात मी फारच उशीर केलाय."

"अनुसूया, जिभेला हाड आहे का तुझ्या?"

"नाहीये. चव्वेचाळीस वर्षं होतं, आज काढलं." तिनं साडी उचलली आणि द्यायच्या ढिगावर ठेवली.

वीणाक्कांनी ती तिथून उचलून ठेवायच्या ढिगावर ठेवली. अनुसूयानं परत उचलली. दोन म्हाताऱ्या एका साडीची ओढाताण करताहेत हे बघून मैत्रेयीला मध्ये पडावं की पडू नये कळेना. शेवटी वीणाक्कांनीच हात सोडला. त्यांचे डोळे भरले होते.

"तुला काय माहीत मागं राहणं म्हणजे काय," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले त्या दिवशी माझ्या जावेनं माझ्या कपाटातली हिरवी साडी काढून नेली. म्हणाली, आता तुम्हाला काय उपयोग. बावीस वर्षं झाली. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कुणाची ओटी भरायची नाही. मुहूर्ताच्या वेळी मी आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसते, म्हणजे कुणाला 'जरा बाजूला व्हा' म्हणावं लागत नाही. ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून सांगते, तर तू मला गणित शिकवतेस."

अनुसूयाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. वीणाक्का स्वयंपाकघरात जाऊन बसतात हे तिनं पाहिलं होतं, आणि एकदाही त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं नव्हतं. पण माघार घ्यायची वेळ ही नव्हती.

"त्यांनी तुमच्याशी चुकीचं केलं, अक्का. मीही केलं. पण बावीस वर्षं म्हणता, त्या बावीस वर्षांत तुम्ही काशीला जाऊन आलात. मुलीकडे सिंगापूरला सहा महिने राहिलात. चार नातवंडं अंगाखांद्यावर वाढवलीत. फोनवरून भाजी मागवता आणि टोमॅटो नासका निघाला तर त्या पोराला फैलावर घेता. त्यांतलं कुठलं वर्ष परत करता, सांगा. कुठलं नको होतं?"

वीणाक्कांनी पर्स उचलली. "मी निघते. प्रणीतला गाडी बोलवायला सांग." दारात जाऊन त्या वळल्या. "आणि ती साडी तुझी नाही. घराची आहे."

"मग घरानं नेसावी," अनुसूया म्हणाली.

मैत्रेयी वीणाक्कांना खाली सोडायला गेली. दाराशी जयतीर्थ उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. रेल्वेच्या कचेरीत आयुष्य काढलेला, मोजकं बोलणारा माणूस. घरात भांडण लागलं की तो शेजारच्यांची वर्तमानपत्रं वाचायला जायचा.

"मला कुणी विचारलं कधी?" तो म्हणाला.

"काय विचारायचं होतं तुम्हाला?"

"तू आधी गेलेली मला चालेल का, ते. सगळ्यांनी ठरवून टाकलं. दसऱ्याआधी तू गच्चीवर ती साडी घालायचीस त्या दिवशी मी मुद्दाम बाजारात जायचो आणि ऊन उतरल्यावर यायचो. मला ती बघवायची नाही." तो दार सोडून आत आला. "मला एकट्याला राहायचं नाही, अनू."

एखादी बाई या शब्दांवर विरघळली असती. अनुसूया भडकली. "मग आठ महिने तोंडात काय धरलं होतंत? फाईल कपाटावर पडून आहे. एकदाही म्हणाला नाहीत की चल, करून घेऊ."

"मी म्हटलं असतं आणि तुला काही झालं असतं तर?"

"आणि न म्हणता झालं असतं तर?"

तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चल, करून घेऊ." इतक्या उशिरा, आणि तेही रागावून मिळवलेलं, पण अनुसूयानं ते घेतलं. फाईल काढली आणि त्यावरच्या नंबरला स्वतःच फोन लावला. पलीकडे भव्या नावाची नर्स होती, हृदयाच्या विभागातली. तिनं पुढच्या महिन्याची अकरा तारीख दिली, चाचण्या सांगितल्या, आणि शेवटी म्हणाली, "अम्मा, घरी जायच्या दिवसासाठी पुढून उघडणारा सैल कपडा आणा. छातीच्या हाडाला तारा असतील, हात वर करता येणार नाहीत. साडी नको, डोक्यावरून घालायचं काही नको."

अनुसूयानं कपाटाकडे पाहिलं. सगळ्या ढिगांत मिळून पुढून उघडणारा असा एकही कपडा नव्हता. जन्मात तिनं गाऊन घातला नव्हता, सासरी चालत नसे. तिची नजर हिरव्या साडीवर गेली. नऊ वार कापड होतं.

सोमवारी ती आणि जयतीर्थ टॅक्सी करून बंगळुरातल्याच शिवाजीनगरला गेले. बसस्टँडमागच्या गल्लीत मंजुनाथचं दुकान होतं; शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे तो शिवायचा, आणि अनुसूयाचे ब्लाऊज तर चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांपासून. सर्जापूर रोडवर पावलापावलाला टेलर आहेत, पण अंगाचं माप परक्या हाती द्यायला ती तयार नव्हती. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून ती स्टुलावर बसली, दम खाल्ला आणि गाठोडं पुढं सरकवलं.

"पायघोळ गाऊन. पुढं वरपासून खालपर्यंत बटणं. आणि खिसा हवा, मोठा. चष्मा आणि फोन राहील एवढा."

मंजुनाथनं साडी उलगडली आणि हात मागं घेतला. "टीचर, हे पाप मला नको. अस्सल रेशीम, खरी जर. यावर कात्री चालवायला माझा हात धजत नाही. विका पाहिजे तर, माझ्या ओळखीचा माणूस आहे. ही आहे तरी कसली साडी?"

"मेल्यावर नेसायची."

मंजुनाथनं जयतीर्थकडे पाहिलं. या बाईला काही समजवा, असा तो चेहरा होता.

"मेल्यावर मला कळणार आहे का कशी दिसते ते?" अनुसूया म्हणाली. "हिला मी चव्वेचाळीस वर्षं सांभाळलं. माझ्या एकाही साडीला इतकं सांभाळलं नाही. विकणार नाही आणि देणार तर मुळीच नाही, नाहीतर कुणीतरी दुसरी बाई ती पुन्हा उचलून ठेवेल. कात्री इकडे द्या."

तिनं गल्ल्याशेजारची मोठी कात्री स्वतःच उचलली. जड होती. जयतीर्थ पुढं झाला. आता तो हात धरणार असं तिला वाटलं. त्यानं साडीचं दुसरं टोक धरलं आणि ताणलं. "काप," तो म्हणाला.

"अय्यो, स्वल्प थांबा, टीचर!" मंजुनाथ ओरडला. "आधी माप तरी घेऊ दे!"

तिघंही हसले. पण पहिला काप तिनंच दिला, मंजुनाथनं खडूनं आखून दिलेल्या रेषेवर. रेशमाचा कुरकुर आवाज झाला आणि चव्वेचाळीस वर्षांची घडी दोन तुकडे होऊन फळीवर पडली. विजेचा लोळ कोसळला नाही. बाहेर बसवाला नेहमीसारखाच हॉर्न वाजवत राहिला.

दहा तारखेला ती दवाखान्यात दाखल झाली. घाबरली होती, भयंकर घाबरली होती. संमतीच्या कागदावर "नातेवाईक" लिहिलेल्या जागी प्रणीतनं सही केली, पण आपल्या नावापुढं तिनं स्वतः सही केली, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायची तशी, पूर्ण नाव लिहून. आत नेताना जयतीर्थनं तिचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला. त्याचा पांढरा शर्ट तेवढा तिला पुसट दिसत राहिला, आणि मग तोही दिसेनासा झाला.

शंभरातल्या सत्त्याण्णवांत ती निघाली. जाग आल्यावर दोन दिवस तिला वाटत होतं की यापेक्षा जायची साडी परवडली असती. श्वास घेतला की छातीत करवत फिरायची. तिसऱ्या दिवशी भव्यानं तिला उभं केलं. पाचव्या दिवशी ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आली आणि धाप लागली नाही. ती तिथंच भिंतीला टेकून रडली, आणि कुणी विचारलं तर सांगितलं की आनंदानं रडते आहे, उगीच डॉक्टरला बोलावू नका.

वीणाक्का या सगळ्या दिवसांत आल्या नाहीत. मैत्रेयीला मात्र सकाळ-संध्याकाळ फोन करत आणि "मी विचारलं म्हणून तिला सांगू नको" म्हणत. मैत्रेयी अर्थातच सांगत असे.

नवव्या दिवशी घरी सोडणार होते. भव्यानं गाऊन पलंगावर पसरला होता. मंजुनाथनं जीव ओतून शिवला होता तो. गळ्याला आणि खिशाला जरीचा काठ लावला होता, बटणंही हिरव्या रेशमात मढवली होती. तेवढ्यात दारात वीणाक्का दिसल्या. जयनगरहून एकट्या रिक्षा करून आल्या होत्या. आत येऊन त्यांनी आधी अनुसूयाच्या तोंडाकडं पाहिलं, मग पलंगाकडं. काठ त्यांनी ओळखला. न ओळखून कसं चालेल, त्यांनीच तो निवडला होता.

अनुसूया तयारीत होती. बोलताना छाती दुखत होती, पण दोन वाक्यं तिनं मनात जुळवून ठेवली होती. भव्या गाऊन घालायला पुढं आली.

"तू राहू दे, मुली," वीणाक्का म्हणाल्या. "मी घालते."

त्यांनी गाऊन उचलला. अनुसूयाचा एक हात हलकेच बाहीत घातला, दुखू नये म्हणून दुसरा त्याहून हलकेच. मग खाली वाकून त्या शेवटच्या बटणापासून वर येऊ लागल्या. सत्त्याहत्तर वर्षांची बोटं, प्रत्येक बटणाला वेळ लागत होता. जखमेच्या पट्टीपाशी आल्यावर त्या थांबल्या. वर न बघताच बोलल्या.

"अम्माला पिशवीत गाठी झाल्या होत्या. वर्षभर रक्त जायचं. व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या... नाही, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पिशवी काढा, बाई बरी होईल. तेव्हाही व्हायची ही ऑपरेशनं बंगळुरात. मी माहेरी तिची सेवा करायला आले होते. एके दिवशी अम्मानं माझा हात धरला आणि म्हणाली, वीणा, मला दवाखान्यात ने."

अनुसूया श्वास रोखून ऐकत होती. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी कपाटातून तिची जायची साडी काढली आणि तिच्या उशाशी ठेवली," वीणाक्का म्हणाल्या. "म्हटलं, अम्मा, भिऊ नको. तू सवाष्ण जाणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कधी म्हणाली नाही."

जयतीर्थ औषधांची पिशवी धरून दाराशी उभा होता, त्याच्याही आईची गोष्ट होती ती आणि तोही ती पहिल्यांदाच ऐकत होता. वीणाक्कांचे हात बटणांवर तसेच थांबले होते. त्यांना मिठी मारावी असं अनुसूयाला वाटलं, पण हात वर होत नव्हते. जुळवून ठेवलेली दोन्ही वाक्यं ती विसरली होती.

"अक्का," ती हळू म्हणाली, "अजून तीन बटणं राहिलीत."

वीणाक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि पुढचं बटण घातलं.